एकुलतं

दादर, १७ नोव्हेंबर २०२५

कालिंदी,

माझा नंबर तू बंद केलास, म्हणून हे कागदावर. दादरहून वरळी ती काय लांब, पण वर येऊन बेल वाजवायचा धीर नाही. तुमच्या टॉवरच्या वॉचमनकडे देऊन परत फिरेन. लिफाफ्यावर सवयीने ‘कालिंदी राऊळ’ लिहिलं गेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्यासाठी तू काकीच्याच आडनावाची आहेस. तेवढं चालवून घे.

माझ्या ‘अंबिकाची चढाई’ला किशलय न्यासाचा चित्रचरित्राचा पुरस्कार जाहीर झाला, त्या सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं तेव्हा मला वाटलं, अभिनंदन करायला केलास. आईवरच्या पुस्तकाला पुरस्कार म्हणजे तो तुझाही, असं काहीतरी बोलायचं मी मनात जुळवत होते. तू म्हणालीस, “मनवा विचारतेय, आई, मग तू आजीची कोण? काय सांगू तिला?” आणि फोन ठेवलास.

मग मी पेपर पाहिला. परीक्षकांनी मानपत्रात घेतलेलं वाक्य त्यांनी चौकटीत छापलं होतं. ‘मैदान हेच अंबिकाचं एकुलतं एक मूल.’

वाक्य माझंच. ती एक बोलायची रीत आहे गं. कुणी म्हणतं दुकान हेच माझं लेकरू, कुणी म्हणतं शाळा हाच संसार. तसं. मोठ्या माणसांना ते कळतं. पण मनवा नऊ वर्षांची, आणि पुस्तक नऊ वर्षांच्या मुलांसाठीच लिहिलेलं. हे मला तुझ्या फोननंतर सुचलं.

तुला प्रत द्यायची राहून गेली, हेही खरं. काकीचं आजारपण, मग सप्टेंबरात ती गेलीच. त्या गडबडीत राहिलं.

काल लालबागला गेले होते. मंडळाने नाक्यावर फलक लावलाय. काकीचा कबड्डीच्या वेषातला फोटो, कोपऱ्यात मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांची तोंडं, आणि मोठ्या अक्षरांत: ‘आपल्या विभागाच्या कबड्डीपटू कै. अंबिका राऊळ यांच्या चारित्र्यास प्रथम पुरस्कार’. मी गुणाजीकाकांना म्हटलं, “काका, चरित्र. चारित्र्य नव्हे.” ते बाकड्यावरून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “राहू दे गो. जिवंतपणी तिच्या चारित्र्यावर ह्या चाळीत लय जणांनी तोंड टाकलान. आखूड पँट घालून मैदानात उतरते म्हणून. आता बक्षीस लागला तर लागू दे.”

मला हसू आलं, आणि हे सांगायला मी फोन हातात घेतला. तुझा नंबर काढला आणि मग आठवलं.

दर्शना


दादर, ४ डिसेंबर

कालिंदी,

तुझं उत्तर नाही. वॉचमन म्हणाला, “मॅडमको दे दिया था.” म्हणजे मिळालंय.

मी गिरगावात इरावतीच्या ऑफिसात जाऊन आले. इरावती माझी संपादक. काकीच्या दिवसांना पांढरी साडी नेसून आली होती, तू मला विचारलंस ही कोण म्हणून, तीच. पुरस्कारामुळे पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय, मुखपृष्ठावर सोनेरी शिक्का असणार आहे. त्या आवृत्तीतून ते वाक्य काढ, असं मी तिला सांगितलं.

ती हसली.

“अगं, मानपत्रात तेच वाक्य आहे. पुरस्कार त्या वाक्याला आहे म्हण ना.”

“मग निदान ‘एकुलतं एक’ एवढं काढ.”

“आणि काय ठेवू? ‘मैदान हेच अंबिकाचं मूल’? हे कुणीही लिहील, दर्शना. त्या ‘एकुलतं’मध्येच तर जीव आहे.”

“तिला एक मुलगी आहे, इरा.”

“मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं.”

तिचं चुकीचं नव्हतं. पुस्तक बत्तीस पानांचं. लिहायला बसलो तेव्हाच आमचं ठरलं होतं की लग्न, नवरा, मूल यांना त्यात जागा द्यायची नाही. बाईच्या चरित्रात मूल आलं की ती आई होते आणि उरलेली पानं तिच्या आईपणातच जातात, असं इरावती म्हणाली होती. एकदा तरी मुलांना फक्त खेळाडू दिसू दे. मला ते पटलं होतं, अजूनही पटतं. काकांना, तुझ्या वडिलांनाही, मी कुठे घेतलं नाही. त्याबद्दल तू काही बोलणार नाहीस, मला ठाऊक आहे. न घेणं वेगळं. ‘एकुलतं’ म्हणजे दुसरं नाहीच असं सांगणं.

न्यासाचा नियम असा की पुरस्कार मिळालेला मजकूर बदलला तर शिक्का छापता येत नाही. शिक्का नसेल तर शाळा प्रती घेत नाहीत. इरावतीचं ऑफिस तू पाहिलेलं नाहीस. एक खोली, एक पंखा, दोन मुली कामाला. या आवृत्तीवर तिचं वर्ष निघणार आहे. ती म्हणाली, “तुझ्या मैत्रिणीला मी भेटू का? समजावते.” मी नको म्हटलं. तू तिला काय बोलली असतीस त्याची कल्पना आहे मला.

आणखी एक सांगते. चित्रं गौतमने काढली, तिशीतला मुलगा आहे. त्या पानासाठी त्याने प्रभादेवीचं मैदान काढलं, संध्याकाळचं, सामना सुरू व्हायच्या आधीचं. त्याने मला विचारलं होतं, “ताई, इथे रेषेबाहेर एक लहान मुलगी बसवू का? पान फार रिकामं वाटतंय.” त्याला काहीच माहीत नव्हतं. सहज विचारलं त्याने.

सामन्याआधी काकी मंगळसूत्र काढून तुझ्या मुठीत द्यायची. तू ती मूठ सामना संपेपर्यंत उघडायची नाहीस, शिट्टी वाजली तरी टाळीसुद्धा वाजवायची नाहीस. मी तुझ्याशेजारी बसून दोघींच्या वाटणीच्या टाळ्या वाजवायचे. अशी मुलगी रेषेबाहेर होती हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

मी गौतमला म्हटलं, नको. रिकामंच राहू दे.

दर्शना


दादर, २२ डिसेंबर

कालिंदी,

काल तू काकीची लालबागची खोली रिकामी करायला येणार हे मला गुणाजीकाकांनी आधीच सांगितलं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस. मी दारात उभी होते आणि तू पितळी डबे पोत्यात भरत होतीस. “ये” म्हणाली नाहीस, “जा”ही म्हणाली नाहीस. मग मी मदत करायला वाकले तेव्हा बोललीस.

तू बोललीस ते इथे पुन्हा लिहिते, कारण रात्रीपासून मी ते मनात बदलून बदलून सौम्य करत चालले आहे. एकदा जसंच्या तसं कागदावर यायला हवं.

तू म्हणालीस, “तुझं नसलेलं मूल माझ्या आईच्या नावावर कशाला मांडलंस?”

गॅलरीत शेजारच्या लवूची बायको कपडे वाळत घालत होती. ती आत निघून गेली.

घरी आल्यावर निलेशने विचारलं, “भेटली का?” मी हो म्हटलं आणि कणीक मळायला घेतली. त्याने टीव्ही लावला. आम्ही दोघं असेच आहोत आता. वाईट नाही. आवाज कमी असतो, एवढंच.

परळच्या हॉस्पिटलात दुसऱ्या वेळेला तूच माझ्याजवळ होतीस. निलेश फॉर्म भरायला खाली गेला होता. नर्सने विचारलं, “बघायचंय का?” आणि मी मान हलवायच्या आत तू तिला म्हणालीस, “मी बघते.” तू बघितलंस. काय बघितलंस ते मी कधी विचारलं नाही, तू कधी सांगितलं नाहीस. त्यामुळे असं बोलायचा हक्क जगात कुणाला असेल तर तो तुलाच.

आणि तुझं खरं आहे. मी काकीचं पुस्तक लिहीत होते आणि त्या पानापाशी आल्यावर काकी बाजूला राहिली. मूल नसलेली एक बाई मला हवी होती, जिची कुणाला कीव येत नाही. हातात काहीतरी दुसरं भरभक्कम असलेली. ते वाक्य एका झटक्यात आलं. मी एक शब्द खोडला नाही. लिहून झाल्यावर मला बरं वाटलं, गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं तसं. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हे काकीचं नाही.

पुढचं तुला माहीत नाही.

तुला प्रत द्यायची राहून गेली असं मी लिहिलं होतं. राहिली नव्हती. जूनमध्ये छापखान्यातून पहिल्या प्रती आल्या तेव्हा मी तुझ्यासाठी एक आणि काकीसाठी एक घेऊन लालबागला गेले. कामावरून काकीकडे यायला तुला अजून वेळ होता. काकीने चष्मा लावून एकेक पान पाहिलं. पहिल्याच चढाईच्या चित्रावर अडली. “ह्यो डावो पाय कित्याक पुढे काढल्यान? माझो उजवो असायचो. डावो पुढे घेतलंय तर मधल्या रेषेक परत येवक मिळतला काय?” मग पुढे हसली, स्वतःचे दोन दात पडलेलं पान दोनदा बघितलं. मग ते पान आलं.

तिने ओळीवरून बोट फिरवत वाचलं. बोट ‘एकुलतं’वर थांबलं. पुस्तक मिटलं नाही, रागावलीही नाही. फक्त विचारलं, “कालिंदीन वाचल्यान?”

मी म्हटलं, नाही अजून.

“मगे तिका पुस्तक देव नको.”

“काकी, मी बदलते. पुढच्या वेळी बदलते.”

“बदल मगे. पण आता देव नको. ती तोंडान काय बोलूची नाय, पण मनात धरता.”

मग ती पुढची पानं बघायला लागली. मला चहा टाक म्हणाली. मी तुझी प्रत पिशवीतच ठेवली, आणि संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा प्रती यायच्या आहेत म्हणून सांगितलं. त्यानंतर तीन महिने ती होती. तीन महिने मला वाटत होतं, अजून वेळ आहे. पुस्तकाला कुठे कोण विचारतंय.

काकीने सांगितलं म्हणून लपवलं, असं मी मला सांगत आले. पण तिने सांगितलं नसतं तरी मी दुसरं काहीतरी कारण शोधलं असतं.

ते पितळी डब्यांचं पोतं तुझ्याने एकटीने उचललं गेलं का?

दर्शना


दादर, १३ जानेवारी २०२६

कालिंदी,

पुरस्कार मी घेतला नाही. न्यासाला तसं कळवलं. कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. ‘मजकुरात तथ्याची चूक आहे’ असं लिहिलं. त्यांच्या कार्यवाहांचा फोन आला, फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, “बाई, ही चूक कुठे, हा तर अलंकार आहे.”

समारंभ दादरलाच झाला. घरून चालत जाण्याइतका जवळ, पण मी गेले नाही. चित्रांसाठीचा अर्धा पुरस्कार गौतमने घेतला. रात्री त्याचा मेसेज आला: ‘ताई, माझं पहिलंच बक्षीस होतं. सगळे तुमच्याबद्दलच विचारत होते.’

इरावतीने फोन केला तो भांडायला नव्हे. नवी आवृत्ती आधीच छापून झाली होती, शिक्क्यासकट. बऱ्याच शाळांत प्रती पोचल्यासुद्धा. ती म्हणाली, “पुढच्या आवृत्तीत तुझं वाक्य काढीन. पुढची निघाली तर.” तिचा आवाज थकलेला होता. आमची मैत्री संपली असं नाही म्हणता येणार. पण आता ती ‘अगं’ म्हणत नाही.

हे सगळं तू मला माफ करावंस म्हणून केलं, असं वाटू देऊ नकोस. थोडं तसंही असेल.

दर्शना


परळ, २९ जानेवारी

कालिंदी,

हे पत्र शाळेजवळच्या हॉटेलात बसून लिहिते आहे. चहा समोर गार झालाय. दुपारी मनवा घरी पोचायच्या आधी वॉचमनकडे द्यायचं आहे.

आज मी मनवाच्या शाळेत गेले होते. बोलावणं डिसेंबरातच आलं होतं, ‘पुरस्कारविजेत्या लेखिका’ म्हणून. मी पुरस्कार घेतला नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. शाळा मनवाची आहे म्हणूनच नाही म्हणणार होते, आणि मग त्याचसाठी गेले.

चौथीचा वर्ग. सगळ्यांच्या बाकावर पुस्तक, सोनेरी शिक्क्याचं. मनवा खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर होती. तिने मला ओळख दाखवली नाही, मीही नाही. मी वाचायला लागले. मुलं छान ऐकत होती, चढाईच्या पानाला ‘कबड्डी कबड्डी’ म्हणून दम घुमवत होती, एक मुलगा धाप लागून बाकावर आडवा पडला आणि सगळे हसले. मग ते पान आलं. मी ठरवूनच गेले होते. मी वाचलं, “मैदानावर अंबिकाचा फार जीव होता.”

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, “बाई, चुकलं! मैदान हेच अंबिकाचं एकुलतं एक मूल!”

त्यांना पाठ आहे, कालिंदी. सगळ्यांना. काहींनी तर हातवारे करून म्हटलं, तसं शिकवलं असावं. मनवाचे ओठही हलत होते. आवाज तिचा होता की नाही ते मला कळलं नाही.

मी म्हटलं, “हे वाक्य चुकीचं आहे. अंबिका राऊळ यांना एक मुलगी आहे.” एक मुलगा म्हणाला, “मग पुस्तकात का नाही?” त्याला उत्तर देण्याआधी घंटा झाली आणि ती सगळी डबे घेऊन पळाली.

मनवा मागे राहिली. दप्तरातून मराठीची वही काढून माझ्यापुढे धरली. “दर्शनामावशी, इथे सही करशील? पालकांची सही हवीय. तू मावशी आहेस ना, चालेल.”

स्वाध्याय होता. ‘एका वाक्यात उत्तरे लिहा.’ तिसरा प्रश्न, ‘अंबिकाचे एकुलते एक मूल कोणते?’ मनवाने लिहिलं होतं, ‘अंबिकाचे एकुलते एक मूल माझी आई आहे.’ त्यावर लाल फुली. खाली बाईंच्या अक्षरात, ‘पुस्तक नीट वाचणे. योग्य उत्तर पाच वेळा लिहून पालकांची सही आणणे.’ आणि त्याखाली तिने पाचही वेळा लिहिलं होतं. पहिल्या वेळी अक्षर नीट आहे, काने सरळ. शेवटच्या ओळीत ‘मैदान’ असं लिहिलंय की वाचता येत नाही.

मी विचारलं, “आईची सही का नाही घेतलीस?”

ती म्हणाली, “आईला नको दाखवूया. ती काही बोलणार नाही, पण मग गप्पच राहते.”

तिच्या वर्गशिक्षिका तेवढ्यात आल्या. चांगल्या बाई आहेत, तरुण. मी त्यांना सांगितलं, हिचं उत्तर बरोबर आहे, अंबिका राऊळ हिची आजी. त्यांनी डोक्याला हात लावला. “अय्या, खरंच? मनवा, बोलायचं नाही का गं?” मग वहीकडे बघून म्हणाल्या, “पण मॅडम, मी आता बरोबर दिलं तर बाकीच्यांना काय सांगू? पुस्तकात तसंच आहे ना.”

मी म्हटलं, हो. पुस्तकात तसंच आहे.

पेन मनवाने माझ्या हातात दिलं होतं. मी सही केली नाही. वही मिटून तिला परत दिली आणि म्हटलं, ही आईनेच करायची असते. ती माझ्यावर रागावली आहे. जाताना मागे वळून बघितलं नाही तिने, अगदी तुझ्यासारखं.

वही दप्तराच्या मागच्या कप्प्यात आहे. ती दाखवणार नाही, मागावी लागेल. सही करायच्या आधी तिसरा प्रश्न वाच, आणि फुली मारलेलं तिचं पहिलं उत्तरही.

दर्शना